मोसे खोऱ्यातील छात्रवास

मुळशी तालुक्याचे नाव निघाले की जुन्या पिढीच्या मराठी माणसास दोन गोष्टी हटकून आठवतात. एक तेथील आंबेमोहोर तांदूळ आणि दुसरी सेनापती बापटांचा सत्याग्रह. मुळा आणि निळा यांच्या संगमावर टाटा कंपनीने विजेसाठी धरण बांधावयास घेतले, त्याखाली मावळ्यांची पिढीजाद भातखाचरे बुडणार हे दिसू लागले, आणि १९२१ च्या रामनवमीस तेथे जो लढा उभा राहिला, तो तीन वर्षांनी मोडला तरी धरणग्रस्तांच्या आपल्या देशातील पहिल्या संघटित प्रतिकारांपैकी एक म्हणून इतिहासात नोंदला गेला. अलीकडच्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र या तालुक्यास तिसरी एक ओळख प्राप्त झाली आहे, आणि तिची दखल अद्याप कोणी पुरेशी घेतलेली नाही. मुळशी हा आता वसतिगृहांचा तालुका झाला आहे. लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिस आणि फ्लेम ही दोन विद्यापीठे आहेत, पौडच्या पुढे खुबवलीस १९९७ पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज चालू आहे, आणि सर्वांत आडबाजूस, मोसे नदीच्या खोऱ्यात, मौजे दासवे येथे बंगळुरूच्या क्राइस्ट विद्यापीठाचे पुणे-लवासा आवार आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली हजारो मुलेमुली या तालुक्यात आपल्या आयुष्याची तीन-चार वर्षे काढून जातात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण ज्या मातीवर झोपतो तिच्या सातबाऱ्याची गोष्ट ठाऊक नसते.

यांपैकी दासव्याच्या छात्रवासाविषयी येथे विस्ताराने लिहावयाचे आहे, कारण तो दोन अर्थांनी विलक्षण आहे. एक तर तो एका ख्रिस्ती संन्यासी संघाने चालविलेल्या विद्यापीठाचा आहे, आणि दुसरे असे की, ज्या गावात तो आहे ते गाव मुळात विद्यार्थ्यांसाठी वसविलेलेच नव्हते.

लवासाची कथा वृत्तपत्रांतून इतकी गाजली आहे की ती येथे थोडक्यात सांगितली तरी पुरे. मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतील अठरा गावांचे क्षेत्र २००१ साली शासनाने गिरिस्थान म्हणून अधिसूचित केले. वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी, इटलीतील पोर्तोफिनो या बंदराच्या धर्तीवर, गेरूच्या आणि पिवळ्या रंगांच्या भिंतींचे, तांबड्या कौलांचे एक खाजगी शहर उभे राहू लागले. कातकरी आणि धनगर वस्त्यांच्या जमिनींविषयी तक्रारी झाल्या. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याचा हुकूम काढला आणि वर्षभराने सशर्त परवानगी दिली. पण तोपर्यंत पैशाचा ओघ आटला होता. २०१७ मध्ये कंपनीस दिलेला विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा शासनाने काढून घेतला, २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले, आणि २०२३ मध्ये जी खरेदीची योजना मंजूर झाली तीही तडीस गेली नाही. जे शहर लक्षावधी माणसांसाठी कागदावर रेखाटले होते, त्याचा एक कोपरा तेवढा बांधून झाला. तलावाकाठचा फरसबंद रस्ता, त्यावरील कमानी, काही उपाहारगृहे, शनिवार-रविवारी येणारे सहलकरी, आणि सोमवारी सकाळी मागे राहणारी शांतता, असे त्या कोपऱ्याचे स्वरूप आहे. सोमवारच्या त्या शांततेत ज्यांचे पावसाळी जोडे वाजतात ते बहुधा विद्यार्थीच असतात. सुटीच्या चैनीसाठी योजलेल्या नगरीस रोजचा दिनक्रम जो काही लाभला, तो पुष्कळ अंशी वर्गाच्या वेळापत्रकाने आणि खानावळीच्या तासांनी दिला आहे. शहराने विद्यापीठ पोसावे हा जगाचा परिपाठ आहे. येथे पुष्कळसे उलट घडले आहे.

हे विद्यापीठ चालविणारा संघ मूळचा केरळातील. ‘कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट’ असे त्याचे नाव असून सीरो-मलबार परंपरेच्या ख्रिस्ती लोकांत एतद्देशीयांनी स्थापन केलेला पुरुषांचा तो पहिला संन्यासी संघ होय. कोट्टयमजवळील मान्नानम येथे १८३१ साली त्याची पायाभरणी झाली. त्याच्या संस्थापकांपैकी कुरियाकोस एलियास चावरा हे नाव आज सर्वतोमुखी आहे, कारण २०१४ मध्ये व्हॅटिकनने त्यांना संतपद दिले. मराठी वाचकास चावरांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी वाटते. मठाच्या आवारात त्यांनी प्रथम जी शाळा उघडली ती संस्कृताची होती, १८४६ साली. ज्या काळात आपल्याकडे विश्रामबागवाड्यातील पाठशाळेत संस्कृत कोणी शिकावे आणि कोणी शिकू नये याची चर्चा अद्याप संपली नव्हती, त्या काळात एका ख्रिस्ती मठात जातिभेद न पाहता मुलांना संस्कृताचे पाठ दिले जात होते, ही घटना केवळ कुतूहलाची नाही. त्याच संघाच्या पाद्र्यांनी १९६९ साली बंगळुरूस क्राइस्ट कॉलेज स्थापिले, २००८ मध्ये त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि नंतर दिल्लीच्या परिसराप्रमाणेच मुळशीतही त्याचे आवार झाले. विश्लेषणशास्त्र, व्यवस्थापन, कायदा असे हल्लीच्या बाजारात चलती असलेले विषय येथे शिकविले जातात. पुण्यापासून पिरंगुट, मुठा, टेमघर असा घाटरस्ता ओलांडून जेथे पोहोचावयास दोन तास सहज मोडतात, तेथे घरून येऊन-जाऊन शिकणे अशक्यच. म्हणून येथे शिकावयाचे म्हणजे राहावयाचे.

शिकणे आणि राहणे यांची ही सांगड ख्रिस्ती जगात फार जुनी आहे. सहाव्या शतकात इटलीतील मोंते कासिनोच्या मठासाठी संत बेनेडिक्टने जी नियमावली लिहिली तीत प्रार्थना, श्रम आणि वाचन यांचे तास वाटून दिलेले होते. सर्वांनी एका दालनात जेवावे, ठरल्या घटकेस निजावे, बाहेर जाताना वरिष्ठांची अनुज्ञा घ्यावी, असे त्या नियमांचे स्वरूप होते. पुढे १२६४ मध्ये ऑक्सफर्डला मर्टन कॉलेजची स्थापना होऊन युरोपात विद्यार्थिनिवासाची परंपरा दृढ झाली, तेव्हा मठाचे भोजनगृह, मठाचे शयनगृह, मठाची घंटा आणि मठाचा अधिपती हे सर्व थोड्याफार फरकाने तेथे उचलले गेले. आजच्या कोणत्याही वसतिगृहाचा तक्ता पाहावा. त्यातील जेवणाची वेळ, हजेरीची वेळ, निजण्याची वेळ आणि रजेचा अर्ज ही सर्व बेनेडिक्टची वंशावळ आहे, मग त्या वसतिगृहाच्या भिंतीवर क्रूस असो, गणपती असो वा काहीच नसो.

परंतु सह्याद्रीच्या पावसाळ्यात एकत्र राहून अध्ययन करण्याची रीत आपल्या प्रदेशास पाश्चात्त्यांनी शिकविली असे मात्र कोणी समजू नये. मुळशीच्या शेजारच्याच मावळात भाजे, कार्ले आणि बेडसे येथील लेणी आहेत. त्यांतील विहारांत जी चौकोनी कोठड्यांची रांग दिसते आणि कोठडीत दगडातच कोरलेला जो ओटा दिसतो, तो भिक्षूचा बिछाना होय. बौद्ध संघाचा नियम असा की, पावसाळ्याचे तीन महिने भ्रमंती थांबवून भिक्षूंनी एके ठिकाणी वास करावा, पठण करावे आणि परस्परांच्या चुका परस्परांपुढे बोलून दाखवाव्यात. दोन हजार वर्षांपूर्वी, आषाढातील अशाच धुवाधार पावसात, अशाच धुक्यात, वीतभर रुंदीचा बिछाना आणि सामायिक भोजन यांवर तरुण माणसे येथे वर्षावास करीत होती. खोलीतल्या सोबत्याच्या घोरण्याविषयी त्यांचीही काही तक्रार असेलच; पण शिलालेखांत दानकर्त्यांची नावे तेवढी कोरलेली आढळतात.

अर्वाचीन महाराष्ट्रात वसतिगृहाचा प्रश्न उभा राहिला तो मुंबई विद्यापीठाच्या घडणीमुळे. १८५७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेले होते. म्हणजे ते परीक्षा घेई, पदव्या देई, पण विद्यार्थ्याने कोठे राहावे, काय खावे आणि संध्याकाळ कशी काढावी याची उस्तवार करणे त्याच्या कामात बसत नव्हते. रत्नागिरीचा वा नगरचा मुलगा मुंबईस आला की नातलगाच्या ओसरीवर पथारी टाकी, वार लावून जेवी किंवा गिरगावातील खोलीत चौघांत भाडे वाटून घेई. ही उणीव भरून काढण्याचे काम सरकारी विद्याखात्यापेक्षा इतरांनी अधिक केले, आणि त्यांत मिशनऱ्यांचा वाटा मोठा होता. डॉ. जॉन विल्सन यांच्या १८३२ च्या शाळेतून वाढलेल्या विल्सन कॉलेजाचे वसतिगृह आजही ‘मॅकिकन हॉल’ या नावाने ओळखले जाते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजने तर १९३७ मध्ये शहर सोडून तांबरमच्या रानात नवे बस्तान मांडले आणि सेंट थॉमस, सेलैयूर व बिशप हीबर या वसतिगृहांभोवती आपले सारे जीवन रचले. दासव्याचा विचार करताना हिंदुस्थानातील पूर्वोदाहरण म्हणून तांबरमचीच आठवण प्रथम येते. आमच्याकडे त्याच पंथावर, परंतु आपापल्या रीतीने, कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगे काढली, आणि सातारला १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. बोर्डिंग हा शब्द खेड्यापाड्यांतील मराठी माणसाच्या तोंडी रुळला तो या मंडळींमुळे.

ख्रिस्ती व्यवस्थापन आणि अन्यधर्मीय विद्यार्थी एका छपराखाली आले असता काय घडते याचा सर्वांत बोलका दाखला महाराष्ट्रात आहे, आणि तो पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाचा आहे. मुख्यतः उच्चवर्णीय बालविधवांसाठी हे निवासी विद्यालय रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस उघडले आणि पुढल्याच वर्षी पुण्यास हलविले. खर्च अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनचा, संचालिका स्वतः ख्रिस्ती झालेली, विद्यार्थिनी बहुतांशी ब्राह्मण आणि सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक, अशी ती विलक्षण जुळवाजुळव होती. धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, प्रत्येक मुलीस आपला आचार पाळण्याची मोकळीक असावी, असा करार होता, आणि स्वयंपाकपाण्यापासून व्रतवैकल्यांपर्यंत तो पाळला जात असे. अडचण निर्माण झाली ती एका दारापाशी. रमाबाई आपल्या खोलीत पहाटे प्रार्थना करीत आणि खोलीचे दार लोटून घेत नसत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणास बोलावले नाही, पण आलेल्या मुलीस मी हाकलून देणार नाही. ‘केसरी’ने रान उठविले, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. याच सदनातून शिकलेल्या गोदूबाईंशी त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला, आणि आश्रितांच्या धर्माविषयी कोणास शंकाच राहू नये अशा रीतीने तीन वर्षांनी आपला स्वतंत्र आश्रम काढला. त्या वादात कोणाची बाजू खरी यावर आजही दोन मते संभवतात. माझे मत विचाराल तर, दार उघडे ठेवण्याचा रमाबाईंना जितका हक्क होता तितकाच त्या दारावरून पुढे जाण्याचा मुलींना होता, आणि दोन्ही हक्क प्रत्यक्षात वापरले जात होते की नाही एवढेच पाहावयाचे होते. पण सल्लागारांनी कार्यभाग सांभाळण्यापेक्षा लोकापवाद टाळणे पत्करले.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने हा प्रश्न सोडविला तो जवळजवळ याच धोरणाने. अनुच्छेद ३० ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला, आणि अनुच्छेद २८ ने असा दंडक घातला की, शासनमान्य वा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्या कोणासही त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणास किंवा उपासनेस हजर राहावयास लावता येणार नाही. दासव्याच्या छात्रवासात दाखल होणाऱ्या मुलाच्या आईबापांनी ही दोन कलमे ठाऊक करून घ्यावीत, म्हणजे पुष्कळशी अकारण भीती दूर होते. आजच्या ख्रिस्ती विद्यापीठातील बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती नसतात. फादरांच्या पांढऱ्या झग्याचा त्यांना प्रथम जो धाक वाटतो तो पहिल्या सत्रातच निवतो, आणि पुढे ‘फादर’ हे संबोधन त्यांच्या तोंडी ‘सर’ या शब्दाइतकेच सहज येते. नाताळचा तारा आणि ओणमची पुष्परांगोळी ही त्यांना उत्सवाची निमित्ते वाटतात. मिस्साला जावे न जावे हा ज्याच्या त्याच्या इच्छेचा विषय राहतो.

मग ख्रिस्तीपण येथे शिरते कोठून? माझ्या मते ते वेळापत्रकातून शिरते. बहुतेक विद्यापीठांत पंचाहत्तर टक्के हजेरी पुरते. क्राइस्टमध्ये ती ८५ टक्के लागते आणि तीबाबत संस्था फारशी भीडभाड ठेवीत नाही, अशी तिची ख्याती आहे. ज्या मुलाने शाळेत असताना पावसाचे निमित्त करून दांड्या मारल्या, त्यास येथे पाऊस ही सबब म्हणून चालत नाही, कारण पाऊस वसतिगृहापासून वर्गापर्यंत सर्वांवर सारखाच पडतो. मठवासी माणूस आयुष्यभर तासांनी बांधलेला असतो आणि त्या बंधनात त्यास मोकळेपणा वाटतो; त्याने चालविलेल्या विद्यालयात तासांविषयीची ही निष्ठा आपोआप उतरते. पुण्याच्या औंध भागातील स्पायसर विद्यापीठात तर हे याहूनही ठळकपणे दिसते. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची ही संस्था १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू होऊन १९४२ मध्ये पुण्यास आली. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत तेथे शब्बाथ पाळला जातो. खानावळ शाकाहारी असते. आणि शिक्षणाबरोबर हातांनी काम करण्याची जुनी परंपरा आहे. पुण्याच्या जिभेस तिची ओळख तिच्या बेकरीतील पावामुळे झालेली आहे, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही. रामवाडीच्या ज्ञानदीप विद्यापीठातील भावी धर्मगुरूंचे जीवन याहून कडक. पण ते व्रतच असल्याने त्याची तुलना येथे अप्रस्तुत ठरेल.

दासव्याच्या निवासातील खरी कसोटी मोसे खोऱ्यातला पावसाळा घेतो. टेमघरचा परिसर पुणे जिल्ह्यातील अतिवृष्टीच्या ठिकाणांत गणला जातो, आणि डोंगराच्या अलीकडे पडतो तोच पाऊस पलीकडेही पडतो. राजस्थानातून वा दिल्लीकडून आलेल्या मुलास जूनच्या पहिल्या आठवड्यात धुक्याची मौज वाटते. त्याची छायाचित्रे घरी जातात. आई कौतुक करते. आषाढ लागतो आणि मग कपडे वाळेनासे होतात. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली जाते, तीवर मोजे, बनियन, जीन्सच्या विजारी ओल्या लोंबत राहतात, पंखा अहोरात्र फिरतो, वीज गेली की तोही थांबतो, आणि चौथ्या दिवशी त्या कपड्यांस जो कुबट वास सुटतो तो कितीही अत्तर फवारले तरी हटत नाही. जीन्सची शिवण सर्वांत शेवटी वाळते, म्हणून अनुभवी विद्यार्थी पावसाळ्यात जीन्स पेटीत टाकतात आणि पातळ कापडाच्या विजारींवर भागवितात. चामड्याच्या जोड्यांवर हिरवट-पांढरी बुरशी धरते. दप्तरात कोरड्या वर्तमानपत्राच्या घड्या ठेवाव्या लागतात. कागदाची वही मऊ पडून तीवर शाई फुटते. स्वच्छ कपडे आणि पॉलिश केलेले जोडे घालून सादरीकरणास उभे राहावे अशी व्यवस्थापनशास्त्राची अपेक्षा असते, त्यामुळे कोरडा सदरा उसना घेणे-देणे हा येथील स्नेहाचा पहिला व्यवहार ठरतो. मुळशीच्या घरांत पावसाळ्यापूर्वी सरपण, गोवऱ्या आणि धान्य ओटीवर रचून ठेवण्याची जी पद्धत आहे ती काय समजून आहे, हे वसतिगृहातील मुलास पहिल्या श्रावणात कळते. खानावळीच्या ताटात मात्र त्या मुळशीचा मागमूस कितपत लागेल, सांगवत नाही. आंबेमोहोर ज्या खाचरांत पिकतो त्यांच्या शेजारी राहूनही शेकडो माणसांच्या सामायिक पातेल्यात तो शिजणे परवडण्याजोगे नाही, आणि मेसचा भात हा सर्व देशात एकच चव राखून असतो.

पाऊस ही निव्वळ गैरसोय आहे असेही नव्हे. २०२४ च्या जुलैत लवासात दरड कोसळून बंगले गाडले गेले. डोंगर कापून बांधलेल्या वस्तीत राहताना ही गोष्ट व्यवस्थापनाने आणि पालकांनी दृष्टीआड करता कामा नये. घाटरस्ता बंद झाला असता दूध, भाजी आणि डॉक्टर यांची सोय काय, आजारी विद्यार्थ्यास पुण्यास कसे पोहोचवावयाचे, याची उत्तरे माहितीपुस्तिकेतील तलावाच्या रंगीत चित्रापेक्षा अधिक मोलाची आहेत.

वसतिगृहातील शिस्तीची दुसरी बाजू आता सांगितली पाहिजे. फाटकापाशी पहारेकऱ्याच्या टेबलावर एक लांबट रजिस्टर असते, त्यात नाव, खोली, जाण्याची वेळ, येण्याची वेळ, कारण आणि सही असे रकाने असतात. ‘कारण’ या रकान्यात बहुधा ‘पर्सनल’ एवढाच शब्द सापडतो, आणि कोणत्याही बखरकारास हेवा वाटावा इतके काही त्या शब्दामागे दडलेले असते. मोबाइलच्या काळात रजिस्टरची जागा यंत्राने घेतली तरी रकाने तेच राहिले. या रकान्यांचा जाच मुलींना मुलांपेक्षा अधिक होतो, हे देशभर सर्वत्र दिसते; २०१५ मध्ये दिल्लीच्या विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ या नावाने जी चळवळ केली ती वसतिगृहाच्या याच संध्याकाळच्या फाटकाविरुद्ध होती. सुरक्षिततेच्या नावाखाली सज्ञान स्त्रीस आठ वाजता कुलुपात घालणे आणि तिच्याच वर्गबंधूस अकरापर्यंत मोकळे सोडणे, याचे समर्थन कोणत्याही धर्मग्रंथाने होत नाही, मग संस्था चालविणारे संन्यासी असोत की संसारी. दासव्यात तर बाहेर जाण्याजोगे ठिकाणच थोडे; तलावाकाठचा रस्ता, चार उपाहारगृहे आणि डोंगर. अशा जागी फाटक लवकर लावण्याने काय साधते, हे मला उमगत नाही. ज्यास शहराचा मोह टाळावयाचा होता त्याचे काम पन्नास-साठ किलोमीटरच्या घाटरस्त्याने आधीच केलेले आहे.

एकाकीपणाचे दुःख मात्र खरे आहे, आणि त्याविषयी संस्थांनी जितके बोलावयास हवे तितके त्या बोलत नाहीत. पुण्यातल्या वसतिगृहातील मुलास खोलीतील सोबत्याचा कंटाळा आला तर तो लक्ष्मी रस्त्यावर वा कॅम्पात चक्कर मारून येतो, अनोळखी गर्दीत तासभर हरवतो आणि सुधारून परततो. दासव्यात अनोळखी असे कोणी उरतच नाही. वर्गात, मेसमध्ये, तलावाकाठी, इस्पितळात तीच शे-दोनशे तोंडे. भांडण झाले तर ते लपत नाही, प्रेम जमले तर तेही लपत नाही. याचा लाभ असा की, पंधरा राज्यांतील मुले एकमेकांची भाषा, भोजन आणि भीती खरोखर ओळखू लागतात. बंगालचा मुलगा मल्याळी शिव्या शिकतो आणि नागालँडची मुलगी सोलापूरच्या चटणीची गोडी लावून घेते. तोटा असा की, ज्याचे चित्त पूर्वीच अस्वस्थ आहे त्यास पळण्यास वाट नसते. अशा मुलास समजून घेणारा रेक्टर वा वॉर्डन हा त्या संस्थेचा खरा ठेवा होय. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना, कावीळ झालेल्या एका मॉरिशसच्या विद्यार्थ्यास एक मुलगी खिडकीतून जेवण पोहोचविते हे त्यांच्या दृष्टीस पडले आणि त्यातून १९७१ मध्ये सिंबायोसिस संस्था जन्मास आली, ही हकीकत पुण्यात प्रसिद्धच आहे. लवळ्याच्या टेकडीवरील ते सारे विद्यापीठ एका रेक्टरच्या नजरेतून निर्माण झाले. ज्या वॉर्डनची नजर फक्त रजिस्टरवर असते त्यास ती खिडकी कधी दिसलीच नसती.

खोऱ्यातील मूळ गावकऱ्यांशी या छात्रवासाचा संबंध काय, हा प्रश्न विचारल्यावाचून हा लेख पुरा करणे मला योग्य वाटत नाही. वरसगाव धरणाने खोऱ्यातली काही गावे उठली, लवासाने उरलेल्यांचा भवताल पालटला. या खोऱ्यात जे रोजगार आले ते रखवालीचे, झाडलोटीचे, स्वयंपाकाचे आणि बागकामाचे. वसतिगृहातील मुले ज्यांना ‘मावशी’ आणि ‘मामा’ म्हणून हाक मारतात त्यांच्यापैकी कितीजणांच्या शेताचा गट क्रमांक एखाद्या इमारतीच्या पायाखाली असेल, हे विचारण्याचे कुतूहल समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यास व्हावयास हवे. विश्लेषणाची इतकी साधने शिकविणाऱ्या आवारात या अठरा गावांच्या फेरफारांचा, पिकांचा आणि स्थलांतराचा अभ्यास एखाद्या वर्गाने पाच वर्षे नेटाने केला तर ती मुळशी तालुक्याची उत्तम सेवा होईल. संस्थेच्या ब्रीदात उत्कृष्टतेच्या जोडीस सेवा हा शब्द आहेच. आणि मामलेदार कचेरीतील दप्तर, पौडची बाजारपेठ, मुठ्याची भातखाचरे ही सर्व अभ्याससामग्री वसतिगृहापासून एका दिवसात गाठून परतण्याइतकी जवळ आहे.

तूर्त, जून महिन्यात प्रवेशाच्या धामधुमीत दासव्याची चौकशी करणाऱ्या पालकांस एवढेच सुचवावेसे वाटते की, शुल्काचा तक्ता आणि नोकरीचे आकडे पाहून झाल्यावर त्यांनी जुलैच्या मध्यास, भर पावसात, पिरंगुटमार्गे एकवार तेथवर जाऊन यावे. मेसमध्ये पैसे देऊन जेवावे. वरच्या वर्गातील एखाद्या मुलीस फाटक किती वाजता लागते आणि मुलांचे किती वाजता लागते हे विचारावे. रात्री ताप चढला तर कोण गाडी काढतो, त्या चालकाचा दूरध्वनी कोणाकडे असतो हे लिहून घ्यावे. आणि येताना टेमघरच्या वळणावर थांबून दोरीवरच्या कपड्यांसाठी चिमट्यांचे एक मोठे पाकीट मुलाच्या पेटीत टाकले आहे की नाही, याची खात्री करावी.